डाव्या कानाची गोष्ट गाइडला सांगू का?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी मुलगी २७ वर्षांची आहे. नागपुरातल्या एका अभियांत्रिकी संस्थेत ती पीएचडी करते. विषय स्पेशियल ऑडिओ, म्हणजे हेडफोन लावला तरी आवाज समोरून, मागून, डोक्यावरून आल्यासारखा वाटावा असं तंत्र. त्यासाठी माणूस आवाजाची दिशा कशी ओळखतो, याचा ती दोन वर्षं अभ्यास करते आहे. सात महिन्यांपूर्वी स्वतः तयार केलेली चाचणी ऐकून बघताना तिला सगळे आवाज उजवीकडूनच आले. हेडफोन बिघडला असेल म्हणून तिने दुसरा आणला, मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेली. डाव्या कानाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, असं निघालं. सहाव्या वर्षी गालगुंड झाले होते, तेव्हापासून असावं, असं डॉक्टरांचं मत. सगळ्यांना असंच ऐकू येतं, असं ती इतकी वर्षं समजत होती. तिने गाइडला काही सांगितलेलं नाही. त्यात भर म्हणजे प्राथमिक चाचणीच्या १२ श्रोत्यांपैकी पहिली ती स्वतः आहे, आणि ती उत्तरं तिने पडद्यावरचा आलेख बघून भरली. दोन महिन्यांत शोधनिबंध पाठवायचा आहे. घरी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते, "एका कानाचं कोणाले समजते? लग्न होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नको." मुलीचा प्रश्न असा: "जिला स्वतःला दिशा कळत नाही, तिने दिशेवर पीएचडी करणं ही फसवणूकच ना? विषय बदलू, सोडून देऊ, की गप्प राहून डिग्री पूर्ण करू?"

वयाने तू माझ्या लेकीसारखी आहेस, म्हणून 'तू' म्हणते.

'फसवणूक' हा शब्द तुझ्या पत्रात चार वेळा आला आहे. तो जिथे खरोखर लागू पडतो ती जागा आधी दाखवते, म्हणजे बाकीच्या ठिकाणी तो खोडता येईल.

डावा कान ऐकत नाही, यात फसवणूक कसली? श्रोता क्रमांक एकच्या तक्त्यात मात्र गडबड आहे. ती उत्तरं कानांनी दिलेली नाहीत, डोळ्यांनी दिली आहेत. तू घाबरलीस, सगळे समोर उभे होते, लाज वाटली, हे मला समजतं. तरीही ती उत्तरं आकडेवारीत राहता कामा नयेत. फाइल पुसू नकोस. पुसलीस तर लपवायला आणखी एक गोष्ट होईल. मूळ फाइल आहे तशी ठेव आणि शेजारी टीप लिही: तारीख, ही उत्तरं वैध का नाहीत, ती कधी वगळली. मग उरलेल्या ११ जणांवर गणित पुन्हा कर. निष्कर्ष तोच आला तर बरं. नाही आला, तर निबंध छापून आल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं कितीतरी बरं. संशोधकाने स्वतः श्रोता म्हणून बसण्यात वावगं काही नाही, श्रवणाच्या अभ्यासात ते सर्रास होतं. फक्त तसं निबंधात लिहितात, आणि कुठला आवाज कुठून वाजणार हे बसणाऱ्याला आधी कळू नये अशी व्यवस्था करतात.

हे काम याच आठवड्यात कर.

आता दुसरी गोष्ट. मी ३२ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. ध्वनीच्या धड्याला दरवर्षी एक प्रयोग करायची. मीटरभर रबरी नळी, मध्यावर शाईची खूण. नळी विद्यार्थ्याच्या मानेमागून फिरवायची आणि दोन टोकं त्याने दोन कानांशी धरायची. मी मागे उभी राहून पेन्सिलीने नळीवर टकटक करायची. खुणेवर वाजवलं की उत्तर यायचं, "मधोमध." एक सेंटिमीटर सरकलं की लगेच, "डावीकडे." एक सेंटिमीटर सरकलं की दोन वाटांत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दोन कानांवर पोहोचण्यात जेमतेम ५८ मायक्रोसेकंद पुढेमागे. तेवढ्यावर मेंदू बाजू सांगतो. पोरं थक्क व्हायची आणि दरवर्षी मीही नव्याने थक्क व्हायची.

एका वर्षी एक मुलगा पुढे आला. मी कुठेही टकटक केली तरी तो म्हणे, "उजवीकडे." वर्ग हसायला लागला, तोही हसला. मला वाटलं, मस्करी करतोय. "जा, बस जागेवर," म्हणाले, तेही जरा चढ्या आवाजात. परीक्षा संपल्यावर तो भेटायला आला. स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, मला खरंच एकाच बाजूनं ऐकू येते." वर्षभर तो उजव्या भिंतीला लागून बसायचा. चांगला कान भिंतीकडे आणि न ऐकणारा माझ्याकडे. त्याचं लक्ष नसतं, असं मी त्याच्या वडिलांना सांगून बसले होते. त्या पोराने त्या दिवशी अगदी खरं निरीक्षण माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि अपेक्षेत बसत नाही म्हणून मी ते फेकून दिलं. ती चूक मला अजून सलते. तुझं पत्र वाचताना वाटलं, तू स्वतःच्या बाबतीत तेच करते आहेस.

'मला दिशा कळत नाही,' असं तू लिहितेस. हे तपासून बघितलं आहेस का?

यातलं काही खरं आहे, ते मी नाकारणार नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्ये जी मांडणी केली ती तुला पाठ असेल, वाचकांसाठी सांगते: खालच्या पट्टीतल्या आवाजांची बाजू मेंदू वेळेच्या फरकावरून ओळखतो. आवाज थेट एका बाजूने आला तरी हा फरक साधारण ०.६५ मिलिसेकंदाच्या वर जात नाही. वरच्या पट्टीत डोक्याची सावली पडते, पलीकडच्या कानाला आवाज दबका पोहोचतो, त्यावरून बाजू कळते. दोन्ही वाटांना दोन कान लागतात, आणि त्या तुला बंद आहेत. एक कान गेला की दुसरा दुप्पट तेज होतो, असं लोक सांगतात. तसं होत नाही.

पण दिशा एवढ्यावरच उभी नाही. आवाज वरून आला की खालून, समोरून की मागून, हे मुख्यतः कानाच्या बाहेरच्या वळ्या सांगतात. त्यांच्यावर आपटून आवाजाचा रंग किंचित बदलतो आणि मेंदू तो बदल ओळखायला शिकलेला असतो. 'शिकलेला' हा शब्द महत्त्वाचा आहे. १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये हॉफमन, व्हॅन ऑपस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही माणसांच्या कानांच्या वळ्यांत साचे बसवले. त्यांना वर-खाली कळेनासं झालं. काही आठवड्यांत मेंदू नव्या आकाराला सरावला आणि पुन्हा कळायला लागलं. साचे काढल्यावर जुनी ओळखही लगेच परत आली, ती पुसली गेली नव्हती. एका कानाने ऐकणाऱ्यांवरही काम झालेलं आहे. १९९४ मध्ये स्लॅटरी आणि मिडलब्रुक्स यांनी जन्मापासून एकाच कानाने ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. काहींना आवाजाची जागा बरीच चांगली सांगता येत होती, काहींना नाही. तू यातल्या कुठल्या गटात बसतेस हे तुलाही माहीत नाही आणि मलाही. सात महिने तू रडलीस, पण मोजलं नाहीस.

मोजायला महागडी खोली लागत नाही. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाक, डोळ्यांवर ओढणी बांध. भावाला किल्ल्यांचा जुडगा दे. त्याने चपला काढून तुझ्याभोवती आठ जागांपैकी कुठेही जाऊन जुडगा हलवायचा. क्रम आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या फेरीत मान अजिबात हलवायची नाही. दुसऱ्या फेरीत त्याने जुडगा सलग वाजवत ठेवायचा आणि तू हवी तेवढी मान वळवायची. उत्तरं लिहून ठेव. मान वळवल्याने दिशा ओळखायला केवढी मदत होते, हे हान्स वालाख यांनी १९४० मध्येच दाखवलं आहे. तू सीताबर्डीतून रोज स्कूटीने जातेस असं लिहिलं आहेस. मान आणि डोळे वापरून तू इतकी वर्षं हाच हिशेब करत आली असणार. दोन फेऱ्यांच्या आकड्यांत तो दिसेल.

पत्रात एक वाक्य तू ओझरतं लिहून पुढे गेलीस: मेसमध्ये सगळे एकदम बोलायला लागले की तू गप्प होतेस आणि मैत्रिणी तुला शिष्ट म्हणतात. बाई गं, तो स्वभाव नाही. गलक्यातून एकच आवाज निवडून ऐकणं हे माणसाच्या श्रवणातलं फार अवघड काम आहे. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये त्यावर मूलभूत प्रयोग केले, तेव्हापासून लोक त्याच्या मागे आहेत. दोन कानांतला फरक त्या कामात मोठा आधार असतो. तो आधार नसताना तू रोज जेवणाच्या टेबलावर झगडतेस, म्हणून दमतेस. मैत्रिणींना एवढंच सांग की मी टेबलाच्या डाव्या टोकाला बसणार, म्हणजे सगळ्या तुझ्या उजवीकडे येतील.

आता संशोधनाचा हक्क. अभ्यासकाच्या अंगात अभ्यासाचा विषय असलाच पाहिजे, हे तू कुठून घेतलंस? गव्हाणी घुबड मिट्ट अंधारात नुसत्या आवाजावर उंदीर पकडतं. मासाकाझू कोनिशी यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं त्याच्या श्रवणाचा अभ्यास केला, घुबडाइतके तीक्ष्ण कान नसताना. तुझं काम मायक्रोफोन, श्रोते आणि गणित यांवर चालतं. एक अडचण मात्र खरी आहे: सहकारी हेडफोन लावून क्षणात सांगतो की डावी-उजवी वाहिनी उलटी जोडली आहे, ते तुला कानाने कळणार नाही. त्याला उपाय आहे. हेडफोन उलटा घालून दोन्ही वाहिन्या आळीपाळीने उजव्या कानाने तपास, कानांच्या जागी मायक्रोफोन बसवलेला पुतळा असतो त्यावर नोंद घे, आणि दर सत्राआधी दुसऱ्या कुणाचे तरी कान लावण्याचा नियमच करून टाक. हा नियम दोन्ही कान शाबूत असलेल्यांनीही पाळावा, असं माझं मत आहे.

आणखी एक. तुझ्या प्रबंधाचा पायाच असा आहे की प्रत्येकाचं डोकं आणि कान वेगळे, म्हणून प्रत्येकापर्यंत आवाज वेगळा पोहोचतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने १९९४ मध्ये केमार नावाच्या अशाच पुतळ्याच्या कानांपर्यंत आवाज कसा बदलून पोहोचतो याची मोजमापं सगळ्यांना खुली केली, कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००१ मध्ये ४५ डोक्यांची मोजमापं दिली. दुसऱ्याच्या मोजमापातून ऐकलं की समोरचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो, हे तू स्वतः लिहिलं आहेस. सरासरी कान कुणालाच नीट बसत नाही, असं सांगणारी मुलगी स्वतःला मात्र त्याच सरासरीवर नापास करते आहे.

तू तीन वाटा विचारल्यास. गप्प राहण्याची वाट मला मान्य नाही. कारण नैतिक आहेच, पण व्यावहारिकही आहे: पुढच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात, प्रत्येक पाहुण्यासमोर कुणीतरी म्हणेल, "जरा ऐकून सांग", आणि तू पुन्हा आलेख शोधशील. सोडून देण्याची वाट तेव्हाच घे, जेव्हा विषयाचाच कंटाळा आला असेल. तुझ्या पत्रात कंटाळा कुठेच दिसत नाही. विषय बदलण्याबद्दल थांब. उत्साहाच्या भरात 'एका कानाचे श्रोते' हा प्रबंध करायलाही लगेच धावू नकोस. कुणी सुचवेल, तुलाही मोह होईल. स्वतःच्या जखमेवर पाच वर्षं रोज काम करणं सगळ्यांना झेपत नाही, आणि तुला हे कळून जेमतेम सात महिने झालेत. पुढे कधी मन निवलं आणि वाटलं, तर बाजारातली बहुतेक स्पेशियल ऑडिओची साधनं दोन्ही कान चांगले असल्याचं धरून चालतात, मग बाकीच्यांचं काय, हा प्रश्न तुझी वाट बघत असेल. तोवर आहे तो विषय आहे तसाच पुढे ने.

गाइडशी बोलायला प्रयोगशाळेतली जागा नको, त्यांच्या खोलीत वेळ मागून घे. जाताना तीन कागद ने: ऑडिओग्राम म्हणजे श्रवणचाचणीचा अहवाल, पहिल्या श्रोत्याबद्दलची टीप, ११ जणांवरचं नवं गणित. सुरुवात टीपेपासून कर, कानापासून नको. आधी कान सांगितलास तर सहानुभूतीच्या आड ती चूक झाकल्यासारखी होईल. साधं बोल: "सर, माझ्याकडून हे चुकलं, मी असं दुरुस्त केलं, आणि का चुकलं त्याचं कारण हे आहे." संध्याकाळी तेच दोन ओळींत मेल कर. ते रागावतील कदाचित, एखादा दिवस बोलणार नाहीत. रागापलीकडे जाऊन कानाच्या कारणाने विषय काढून घ्यायला निघाले, तर सल्लागार समितीसमोर लेखी मांड. आणि यापुढे श्रोत्यांच्या निवडीआधी प्रत्येकाची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करायची, हे नियोजनात लिहून टाक. ती आधीच झाली असती तर पहिल्याच दिवशी तुझं कळलं असतं. नैतिकता समितीची परवानगी आणि संमतीपत्रं राहिली असतील तर तीही आताच पूर्ण कर.

तब्येतीचं थोडक्यात सांगते, हे एका कानाने ऐकणाऱ्या सगळ्यांसाठीच आहे. दोन कानांत एवढा फरक असेल तर श्रवणाच्या नसेवर गाठ वगैरे नाही ना, हे पाहायला एमआरआय करावा का, असं डॉक्टरांना विचार. गालगुंडाचा तर्क बरोबरच असेल, तरी विचार. चांगल्या कानाची वर्षातून एकदा तपासणी कर. त्या कानाचं ऐकणं अचानक कमी झालं तर 'सर्दी असेल' म्हणून वाट बघू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. अशा वेळी उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो. मारबतीच्या मिरवणुकीत, लग्नातल्या डीजेसमोर कानात बोळे घाल, कुणी हसलं तरी. डाव्या बाजूचा आवाज उचलून उजव्या कानात पोहोचवणारं क्रॉस नावाचं श्रवणयंत्र मिळतं. वर्गात आणि बैठकीत त्याची मदत होते, दिशा मात्र ते परत देत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी काही दिवस वापरून बघ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली कर्णबधिरतेची व्याख्या दोन्ही कानांची आहे, त्यामुळे आरक्षणाची आशा धरू नकोस. बसायची जागा मागून घ्यायला मात्र कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही.

फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असतं. ते आज रात्री सुरू कर. स्टिरिओ गाण्यांत काही वाद्यं पूर्ण डाव्या बाजूला ठेवलेली असतात, ती तुझ्या हेडफोनमधून आजवर तुझ्यापर्यंत आलेलीच नाहीत. लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गाणं लाव.

राहिली आई. तिच्या 'तोंडातून शब्द काढू नको'मागे नुसती लग्नाची काळजी आहे असं मला वाटत नाही. सहा वर्षांच्या लेकराच्या गालाला लेप लावून तीच रात्रभर उशाशी बसली असेल. आणि २१ वर्षांनी तिला कळतं की त्या आजारात मुलीचा कान गेला आणि आपल्याला पत्ताच लागला नाही. ही टोचणी कुणाला सांगता येते? तिला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याच तोंडून ऐकव: गालगुंडाचा विषाणू क्वचित आतल्या कानाला इजा करतो, बहुतेक वेळा एकाच. दुसऱ्या कानावर सगळं भागत असल्याने एवढं मूल काही सांगत नाही, आणि कळलं असतं तरी तो कान हमखास वाचवेल असा उपाय तेव्हाही नव्हता, आजही नाही. हे पुढच्या पिढीत उतरत नाही, हेही त्यांनाच सांगू दे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी गालगुंडाच्या लसीबद्दल आपल्या बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावं.

स्थळाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या कांदेपोह्यांत अहवाल ठेवायची गरज नाही, पण गोष्ट पुढे सरकते आहे असं दिसलं की साखरपुड्याआधी मुलाला तूच सांग, मध्यस्थांमार्फत नको. ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याला रस्त्याने तुझ्या कुठल्या बाजूने चालायचं हे माहीत असलं पाहिजे. ऐकून तो मागे सरला तर आईला त्रास होईल, तुलाही होईल. तो त्रास लग्नानंतरच्या त्रासापेक्षा कमी असेल, एवढं मी आजूबाजूला बघून सांगू शकते.

गाइडकडे जाण्याच्या आधी हे आईशी बोल, बाहेरून तिच्या कानावर जायला नको. स्वयंपाकघरात भांड्यांच्या आवाजात बोलू नकोस. रात्री सगळं आवरल्यावर, टीव्ही बंद करून बस, आणि तिला तुझ्या उजव्या हाताला बसव.